कुरुळीच्या शेडमधलं टेबल

हे मी रचलेलं नाही. आम्रपाली माझी सख्खी मावसबहीण. तिने हे मला दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

गुरुवार, १६ मार्च २०२३. कुरुळी. दुपारचे दोन.

हो, दुपारचे. बाहेर ऊन रणरणत होतं.

अकरा वर्षं आम्रपालीने चाकणच्या एका कंपनीत सीएनसी मशीनचे प्रोग्रॅम लिहिले. मग राजीनामा दिला आणि कुरुळीत स्वतःची शेड घेतली. तिचे वडील जन्मभर पिंपरीत हेल्पर होते. लेकीची स्वतःची मशीन फिरताना त्यांना बघायची होती, बस.

मशीन जुनी होती. बंद पडलेल्या एका वर्कशॉपमधून उचललेली मिलिंग मशीन. कॉम्प्युटर सांगेल तसं लोखंड कोरणारी. तीन वर्षं ताडपत्रीखाली पडून होती.

ती चालू करायला रंगरावकाका आले होते. कुरुळीचेच. रिटायर्ड फिटर, वडिलांचे जुने सोबती.

गुरुवार म्हणजे एमआयडीसीची सुट्टी. आजूबाजूच्या सगळ्या शेडना कुलपं. एरवी प्रेसच्या दणक्यांनी कान बसतात तिथे... त्या दिवशी पंख्याची करकरसुद्धा मोठी वाटत होती.

सकाळी काकांनी लेव्हल लावून मशीनचे पाय बसवले. गंज पुसला, तेल भरलं. आम्रपालीने कंट्रोलची मेलेली बॅटरी बदलली. बॅटरी मेली की मेमरीतलं सगळं जातं. तिने प्रोग्रॅमची यादी उघडून बघितली.

कोरी.

दोघं शेडच्या दारातच जेवायला बसले. आत कुणी आलं नाही, बाहेर कुणी गेलं नाही.

हात धुऊन ती स्क्रीनसमोर आली, तेव्हा यादीत...

एक प्रोग्रॅम होता.

आत फक्त दोनच ओळी, पुन्हा पुन्हा, खालपर्यंत. टेबल उजवीकडे. टेबल डावीकडे. उजवीकडे. डावीकडे. ती खाली खाली जात राहिली. शेवट आलाच नाही.

"काका, तुम्ही काही दाबलं का?"

"मला त्यातलं काय कळतंय, पोरी? तुझ्याबरूबरच तर जेवत व्हतो."

तिने तो पुसला. यादी पुन्हा कोरी झाली.

तेवढ्यात मशीनच्या आतून आवाज आला.

सर्रर्र...

लोखंडावर लोखंड घासल्यासारखा.

तिने दाराच्या काचेतून पाहिलं. कोरायचं लोखंड ज्यावर बांधतात ते टेबल मघाशी मधोमध होतं. आता उजव्या टोकाला गेलं होतं. बटणाला कुणीही हात लावला नव्हता.

"वायरीत लीकेज असंल," काका म्हणाले. त्यांनी मेन स्विच खाली ओढला. फ्यूजही काढून खिशात टाकले.

पंखा थांबला. स्क्रीन काळी झाली.

"आता काय बी हलायचं न्हाई."

त्यांनी मशीनचं दार सरकवलं आणि वाकून टेबलाचे नट तपासू लागले. हातातला पाना निसटला. टेबलाचं डावं टोक आणि बाजूचा जाड पत्रा, यांच्यामधल्या फटीत पडला. हातभर रुंद फट. काकांनी खांद्यापर्यंत हात घातला.

आणि टेबल निघालं.

हळू... एकाच चालीने... डावीकडे. त्यांच्या हाताकडे.

मशीनचं वरचं डोकं खाली आलं असतं, तर आम्रपालीने मानलं असतं. वजन असतं, ब्रेक सुटतो, पडतं. पण टेबल आडवं सरकतं. त्याला मोटर लागते. मोटरला वीज लागते.

वीज काकांच्या खिशात होती.

"काका, हात काढा."

"निघंना."

ते घाबरट माणूस नव्हते. पण तो आवाज त्यांचा वाटत नव्हता. तिने कोपराच्या वर दोन्ही हातांनी धरून त्यांना ओढलं. मशीनला पाय लावून ओढलं.

आणि तिला जाणवलं...

आतूनही कुणीतरी ओढत होतं.

ती जोर लावी, तेवढाच तिकडून लागे. ती दमली की तेही थांबे. वाट बघितल्यासारखं.

किती वेळ गेला, तिला सांगता येत नाही. हात एकदम सुटला आणि दोघंही मागे पडले. टेबल पत्र्यावर जाऊन आदळलं. काकांची दोन बोटं आतच राहिली.

दवाखान्यात ड्रेसिंग करताना डॉक्टरांनी काकांचं मनगट उलटसुलट करून बघितलं. चार लांब निळे वळ होते.

"इथे कुणी धरलं होतं?"

"मी," आम्रपाली म्हणाली.

ती खोटं बोलली. तिने कोपराच्या वर धरलं होतं.

तिसऱ्या दिवशी ती काकांच्या घरी गेली. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"तोडून टाक ती," ते म्हणाले. "इकू नगं. कुणाच्या बी दारात न्हाई गेली पायजे."

"काका, आत काय होतं?"

त्यांनी पट्टी बांधलेला हात पांघरुणाखाली घेतला.

"तू वढलंस म्हून मी हाय."

त्यापलीकडे ते आजवर बोललेले नाहीत. आम्रपालीने भंगारवाल्याला बोलावलं. गॅस कटरने तुकडे करायचे, या बोलीवरच मशीन दिली. वडिलांना कारण सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही, पण त्यानंतर ते शेडवर आले नाहीत. जूनमध्ये तिने शेड सोडली आणि पुन्हा कंपनीत लागली.

जुलैत भंगारवाल्याच्या एका कामगाराकडून तिला कळलं, मशीन तोडलीच नव्हती.

तिने भंगारवाल्याला गाठलं. तो सरळ म्हणाला, "मॅडम, चालती मशीन कोण तोडतं? रंग मारला, दिली."

"चालती?" आम्रपालीने विचारलं. "ती चालू कुणी केली?"

"ते नाही माहीत. गोडाऊनवर सकाळी गेलो तर टेबल उजवीकडे-डावीकडे सरकत होतं. पोरांपैकी कुणीतरी लावली असेल."

"कुणाला दिलीत?"

"सहा मशिनी एकदम गेल्या. कुठली कुठे, कसं सांगू?"

तिने खूप शोधलं. अजून शोधते.

मी भोसरीत टर्नर आहे. गेल्या सोमवारी आमच्या समोरच्या शेडमध्ये क्रेनने एक जुनी मशीन उतरवली. रंग ताजा आहे. मागची नंबराची पाटी काढलेली आहे.

अशा मशिनी रोजच येतात. ही तीच असेल असं नाही.

आज गुरुवार. समोर कुलूप आहे. दुपारपासून मी तिकडे कान लावून आमच्या शेडच्या दारात बसलोय, आणि आम्रपालीला फोन लावायला हात धजत नाहीये.