रावसाहेबांची गाठ

रावसाहेबांच्या फुप्फुसात कॅन्सरची गाठ झाली. परंतु रावसाहेब प्लास्टिकचे असल्यामुळे तसं काही झालेलंच नाही, असं विभागाने ठरवलं. तेव्हा आपणही तसंच धरून चालू.

विभाग म्हणजे इस्पितळाच्या तळघरातला रेडिएशनचा. रावसाहेब म्हणजे तिथला चकत्या रचून केलेला, बिनहातापायांचा पुतळा. रोज सकाळी पहिला डोस त्यांना. त्यांच्या पोटातल्या मीटरवर आकडा बरोबर आला, की मगच पेशंट आत घ्यायचे. तक्रार नाही, उलटी नाही, भांडायला नातेवाईक नाहीत. विभागातला सर्वांत गुणी माणूस.

विभागात शिकणारी धाकटी खरं तर ग्रहतारे शिकायला निघाली होती. दादाच्या छातीत गाठ निघाली आणि तिने एम.एस्सी.ला विषयच बदलला. आता स्कॅनवर गाठीभोवती रेघ काढायची, म्हणजे किरण कुठे मारायचे ते मशीनला कळतं, हे तिचं काम. दादाचे उपचारही इथेच चालले होते.

"माझ्या छातीवर तुझा प्रबंध उभा राहणार," तो म्हणायचा. "निदान आभारात नाव घाल."

"आधी रावसाहेबांवर हात बसव," तिला शिकवणारे सर म्हणाले. तिने रावसाहेबांच्या रिकाम्या स्कॅनवर दादाची गाठ काढली. ती तिला तोंडपाठ होती. काढली, आणि पुसायची राहून गेली.

सोमवारी रावसाहेबांच्या नव्या स्कॅनमध्ये नेमक्या त्याच जागी करडी गाठ दिसली. टेक्निशियनने पुतळ्याच्या चकत्या सोडवून पाहिल्या. आत गुळगुळीत प्लास्टिक.

"चोरून सिगारेटी ओढत असणार," तो म्हणाला. पण त्या दिवसापासून त्यांना टेबलावर ठेवताना तो मानेखाली हात द्यायला लागला.

त्याच सोमवारी दादाचा स्कॅन स्वच्छ आला. डॉक्टरांनी दोनदा काढून पाहिला. आईने सगळ्या गणगोताला फोन केले.

शुक्रवारपर्यंत सकाळच्या डोसांनी रावसाहेबांची गाठ चार मिलिमीटरने उतरली. दादाच्या छातीत चार मिलिमीटरचा ठिपका आला.

धाकटीने पुतळ्याच्या स्कॅनवर पुन्हा रेघ काढली. पुन्हा पुन्हा काढली. आता रेघ नुसती रेघच राहत होती.

"सर, उद्यापासून रावसाहेबांना डोस नको."

"मग मशीन तपासायचं कशावर? तुझ्यावर?"

"चालेल."

सर हसले नाहीत. "बाहेर बावन्न पेशंट बसलेत गं. मशीन न तपासता आत घेऊ त्यांना? आणि त्यांत आता तुझा दादाही आहे."

सात मिलिमीटर.

अकरा.

तिने विभागप्रमुखांकडे रीतसर अर्ज दिला. आवक शिक्का घेतला.

'...तरी सदर पुतळ्यास झालेला आजार कृपया बरा करण्यात येऊ नये. माझ्या भावाच्या वतीने तो पुतळ्याकडेच कायम राहू द्यावा, ही नम्र विनंती. याकामी रावसाहेबांची तोंडी संमती मिळालेली आहे.'