सूचनापेटीची किल्ली

"माझे बूट कुठायत?"

ओडेसा केवढ्यांदा ओरडली! खोलीतला कलकलाट एकदम थांबला. बारा वाजले होते. दोन वाजता अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराच्या 'झेप' कलाकेंद्राच्या उन्हाळी शिबिराचा बॅले होता आणि त्यातलं शेवटचं, एकटीचं नृत्य ओडेसाचं! तिच्या कप्प्यात मात्र तिचे तपकिरी बूट नव्हते. त्यांच्या जागी कोरे करकरीत गुलाबी बूट होते.

"कातडीच्या रंगाचे बूट, असा नियम आहे," केंद्राच्या मुख्य शिक्षिका मिस मार्लीन दारातून म्हणाल्या. "हा कातडीचा रंग."

"कुणाच्या?" ओडेसाने आपला गडद तपकिरी हात बुटाशेजारी धरला. "माझ्या तर नाही!"

"माझ्याही नाही," तिचा मित्र रुबेन म्हणाला. "आमच्या कुत्र्याच्या जिभेचा असेल!"

पोरं फिदीफिदी हसली. मिस मार्लीन हसल्या नाहीत.

"तुझे ते मळके बूट कुणी कचऱ्यात टाकले असतील. हे घाल, नाहीतर तुझ्याऐवजी ग्रेटा नाचेल." आणि टाचा आपटत त्या निघून गेल्या.

ओडेसाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मळके! घरी तिच्या लोरीनआंटीने तीन रविवार खपून, ओडेसाच्या गालाला जुळणारं फाउंडेशन स्पंजाने टिपून टिपून ते बूट रंगवले होते. केंद्रातल्या सगळ्या काळ्या मुलींच्या घरी हेच चालायचं. शिवाय नवे बूट आधी वाकवून, ठोकून मऊ करावे लागतात. कोऱ्या बुटांत पायाच्या बोटांच्या टोकांवर उभं राहायचं म्हणजे घोटाच मोडून घ्यायचा!

"मी नाही नाचणार तुझ्या जागी," गोरीपान ग्रेटा रागाने लालबुंद झाली होती. "मेले तरी नाही!"

"मग बघत काय बसलीस? शोध!" ओडेसा खेकसली. "ते फाउंडेशन हाताला लागलं ना, की जिथे हात लावाल तिथे उमटतं. आमच्या घरातली दिव्याची बटणं अजून तपकिरी आहेत."

रुबेनला पहिला डाग दाराच्या पांढऱ्या चौकटीवर दिसला. दुसरा जिन्याच्या कठड्यावर. तिसरा थेट खाली, प्रवेशदालनात! तिथे भलंमोठं पोस्टर होतं, 'इथे सर्वांचं स्वागत आहे!' त्यावर फोटो ओडेसाचाच, पण गुडघ्यापासून खाली कापलेला.

"तुझे पाय कुठे गेले गं?" रुबेनने विचारलं.

"बूट तपकिरी होते ना, म्हणून कापले," ओडेसा म्हणाली.

पोस्टरखाली, सगळ्यांना सामावून घेण्यासाठी नेमलेल्या समावेश समितीची सूचनापेटी होती. चांगली ट्रंकेएवढी, पांढरी. कुलपाशेजारी तपकिरी अंगठा स्वच्छ उमटला होता!

"या पेटीत?" रुबेनचा विश्वासच बसेना.

"अरे, याहून सुरक्षित जागा कुठली? ही कधी कुणी उघडतच नाही!" ग्रेटा म्हणाली. "किल्ली मिसच्या गळ्यात असते. हिसकावू या?"

"छट्! मग त्या म्हणतील, बूट आपणच ठेवले. त्यांच्याच हाताने उघडायला लावायची. सगळ्यांसमोर!" ओडेसाने एक चिठ्ठी खरडली आणि फटीतून आत टाकली.

दीड वाजता दालन पाहुण्यांनी भरलं. केंद्राचे अध्यक्ष एल्सवर्थ सरबत पीत उभे होते.

"सर, आम्ही सूचना टाकलीय," ग्रेटा साखरेत घोळवल्यासारखं बोलली. "वाचून दाखवता?"

"वा, वा! मार्लीन, उघडा की!"

"किल्ली... बहुतेक हरवलीय..."

"गळ्यातच आहे, मिस," रुबेन म्हणाला. "ती छोटी, पितळी!"

मिस मार्लीननी किल्ली मुठीत लपवली, पण आता सगळेच बघत होते. त्यांना पेटी उघडावीच लागली. आत तपकिरी बूट! त्यांच्यावर ओडेसाची चिठ्ठी पडली होती.

"'माझे बूट परत द्या'," एल्सवर्थनी वाचलं आणि त्यांचा चेहराच पडला.

बुटांखाली चिठ्ठ्यांचा ढीग होता. बसचालकाच्या गणवेशात तशीच आलेली लोरीनआंटी पुढे झाली. तिने एक उचलली. "'आम्हाला आमच्या रंगाचे बूट घालू द्या.'" दुसरीत तेच. तिसरी रंगीत खडूने लिहिलेली. "'आमच्या रंगाचे बूट चालतील का? ओडेसा, वय नऊ.' पोर आता बारा वर्षांची आहे! हे कुणी वाचायचं होतं?"

"समितीने," एल्सवर्थ पुटपुटले.

"समितीत कोण?"

"मी आणि... मार्लीन."

"अहो, शिस्त म्हणून मी..." मिस मार्लीननी तोंड उघडलं.

"एक शब्द बोलू नका!" लोरीनआंटी कडाडली. "माझ्या बसमध्ये घंटी वाजली की मी गाडी थांबवते. पोरं तीन वर्षं घंटी वाजवतायत आणि तुम्ही मागे वळूनसुद्धा बघितलं नाही!"



"शाबास, मुलांनो! तुम्ही आमचे डोळे उघडलेत," एल्सवर्थ घाम पुसत म्हणाले. "गुलाबी बुटांचा नियम आत्तापासून रद्द! मार्लीन, उद्या मला भेटा. आणि आपण लगेच एक नवी समिती..."

"समिती नको!" ओडेसाने हात पुढे केला. "किल्ली द्या."

मिस मार्लीननी एल्सवर्थकडे पाहिलं. अध्यक्षांनी होकारार्थी मान हलवली. किल्ली ओडेसाच्या तळहातावर आली.

दोन वाजता ती नाचली. पडदा पडल्यावर रुबेन आणि ग्रेटाने तिला उचलूनच बाहेर आणलं. लोरीनआंटीने तिला पोटाशी धरलं, पण तिचा राग अजून गेला नव्हता.

"मुद्दाम मागे जाऊन बसले होते मी. शेवटच्या रांगेतूनसुद्धा दिसले गं, पोस्टरवरून कापलेले तुझे पाय!"