चिमूटभर लाल

"अहो, बघत काय उभे राहिलात? टोक धरा!"

कारखान्याच्या दारातल्या तरुणाने निमूटपणे कापडाचं टोक धरलं. हाक मारणाऱ्या मुलीला वाटलं, हा टेम्पोवाला. बिचारीचं तरी काय चुकलं? हात कोपरापर्यंत रंगलेले, केसांत पेन्सिल खोचलेली, आणि कारखान्याचा मालक असलेला तिचा मामा सकाळीच ठणकावून गेलेला, "आजचा नमुना नापास झाला तर रंगाच्या खोलीत पाऊल टाकायचं नाहीस. घड्या घालत बसायचं!" आता सांगा, तीन वर्षं रंग कालवणाऱ्या मुलीने घड्या घालायच्या?

लाल कापड, त्यावर छापलेली करडी पानं. तरुणाने मान तिरकी केली.

"पानं हिरवट दिसतायत."

"टेम्पोवाल्यांनी रंगात नाक खुपसू नये."

"टेम्पो मला येत नाही चालवता," तो हसला. "तुमचं कापड घेणाऱ्या दुकानातून आलोय मी... नमुना तपासायला."

झालं! तिचे कान लालबुंद. पण हार मानेल ती कसली? तिने कागदाला नखाएवढं भोक पाडलं आणि तो पानावर ठेवला. भोवतालचा लाल झाकला, भोकातून दिसला निव्वळ करडा.

"कुठाय हिरवा? लालच्या शेजारी करडा हिरवट भासतो. माझा रंग चोख आहे!"

"कबूल... पण लोक काय कपड्यांवर कागद चिकटवून हिंडणार?"

मेला बोलला ते खरंच होतं. इतके दिवस ती एकट्या करड्याकडे बघत बसली होती, त्याच्या शेजाऱ्याकडे बघायचं राहूनच गेलं होतं.

"तासभर थांबाल?"

"थांबतो की!"

तिने करड्यात लाल घातला. चिमूटभर... मग आणखी अर्धी चिमूट. तो बाह्या सरसावून ढवळायला लागला.

"हळू! फेस आला तर छपाईत भोकं पडतील. आणि माझ्याकडे काय बघताय? रंग बघा."

"तोच बघतोय. कान अजून लाल आहेत तुमचे."

छापलेलं कापड वाळेपर्यंत तिचा जीव टांगणीला लागला होता. वाळलं, उजेडात धरलं... आणि पानं करडी! अगदी हवी तश्शी! त्याने तिथल्या तिथे 'पास' लिहून सही ठोकली. मामाने कापड दोनदा उलटसुलट केलं, आणि रंगाच्या खोलीची किल्ली तिच्या हातावर ठेवली. तिला आनंदाने नाचावंसं वाटलं.

त्यानंतर चार महिन्यांत तो नमुना तपासायला नऊ वेळा आला. दुकानाला नमुने हवे होते दोनच.

नवव्या खेपेला तो अडखळत म्हणाला, "एकटा बघितलात तर मी साधा करडा माणूस. पण तुमच्या शेजारी उभा राहिलो ना, की... मीच मला आवडायला लागतो. कायमचा शेजारी राहू?"

तिने ओल्या कापडाचं एक टोक उचललं. कान पुन्हा लाल झाले होते, आणि या खेपेला तिला ते लपवायचे नव्हते.

"राहा. पण दुसरं टोक धरा आधी... अहो!"

टेम्पोवाला समजून मारलेली हाक ही नव्हे, हे त्याला बरोबर कळलं.