खाल्लेलं अंगी लागेना

मोबाइल ठेवा खाली. आणि मधेच कुणी फिदीफिदी हसायचं नाही, कारण ज्याची गोष्ट आहे तो माझा लंगोटीयार होता. सुतार. काटकोन बघायच्या गुण्यासारखा नेटका, म्हणून आम्ही त्याला गुण्याच म्हणायचो.

लेकीसाठी पलंग करायचा म्हणून त्यानं जंगलाच्या कडेचं, वाऱ्यानं आडवं झालेलं झाड घेतलं. फळ्या पाडल्या, पलंग ठोकला. राहिलेला ओंडका आणायला परत गेला, तर बुंध्याशी एक फूल. पांढरं. देठही पांढरा, पान एकही नाही, मान खाली घातलेली. पोरीला आवडेल म्हणून मातीच्या ढेकळासकट उचललं आणि कुंडीत लावून पलंगाच्या पायाशी ठेवलं.

तिथंच चुकलं. त्या फुलात हिरवा कणसुद्धा नसतो, स्वतःचं अन्न ते करतच नाही. मातीत बुरशीचे धागे असतात, झाडाच्या मुळांत शिरलेले. त्या धाग्यांतून ते झाडाचं खातं. आयतं. घरात आणल्यावर ते वाळून जायला हवं होतं.

ते टवटवीत झालं. वाळत चालली ती पोरगी.

ताटभर जेवायची, तरी हाडं वर आलेली. डॉक्टर झाले, टॉनिकं झाली. वहिनी रडकुंडीला आल्या. माझ्यासमोर म्हणाल्या, “भावोजी, खाल्लेलं अंगीच लागत नाही हो हिच्या.”

गुण्या पटकन बोलून गेला, “मग लागतं कुणाच्या?”



पुढचं त्यानंच मला सांगितलं. गेल्या डिसेंबरातला पहिला शनिवार. वीज गेलेली. तो पोरीच्या उशाशी जागत बसला होता. मध्यरात्रीनंतर ती डोळे मिटूनच बोलली.

“बाबा, तो आलाय.”

“कोण गं?”

“पांढरा. पायाशी बसलाय. मान खाली घालून.”

“काय... काय करतोय?”

“जेवतोय.”

त्यानं बॅटरी मारली. कुणी नाही. पण कुंडीतून पांढरे धागे निघाले होते. फरशीवरून... पलंगाच्या पायावर... चादरीखाली. तिच्या टाचेपर्यंत.

तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. झाडाचा पलंग झाला होता. फूल आपल्या झाडापाशीच होतं. आणि त्या झाडावर झोपत होती त्याची लेक.

त्यानं धागे तोडले. हातात काळे पडले ते. पोरीला आतल्या खोलीत वहिनींकडे दिलं, करवत आणली, पलंगाच्या पायाला लावली. एक दात रुतला...

आत पोरगी किंचाळली. टाच धरून.

करवत ठेवली त्यानं. मग त्या पलंगावर स्वतः आडवा झाला.

“माझं खा,” म्हणाला.

पोरगी गुबगुबीत झाली. शाळेत जायला लागली. गुण्या चौघांचं जेवायचा आणि म्हणायचा, “उतारवयात फिगर आली बघ!” मला हसू यायचं नाही. पलंग सोड म्हणून किती हातापाया पडलो त्याच्या. ऐकलं नाही. बाप होता.

परवा पहाटे गेला तो. त्याला उचलायला मीच होतो. हाताला वजन लागलंच नाही... मी कुंडीकडे बघितलं.

फुलानं मान वर केली होती. ताठ. दाराकडे.

दारात पोरगी उभी होती.