सोमवारचं औत

बेपत्ता मुलीच्या पेजवर सोमवारी सकाळी सात वाजता नवा रील आला होता. त्यामुळे तिच्या आईचं कोणी ऐकून घेईना.

मंगळवारी दुपारी सुंदराबाई थेट उपनिरीक्षक हर्षलाच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. पदर चिखलाने भरलेला होता.

"आयतवारी दुपारची घरातनं गेली, मॅडम. तवापासनं फोन बंद हाय. शेजारचे बोलतात, काल व्हिडिओ टाकलाय तिनं, म्हंजे बरी हाय. बरी असती तर मला फोन नसता केला?"

"तुम्ही पाहिला तो व्हिडिओ?"

"शेजारणीनं दाखवला. बैल दिसलं. खाली काय लिवलंय ते मला कुठं वाचाया येतंय?"

हर्षलाने पेन खाली ठेवलं. कारण रविवारी सकाळी या मुलीचा, समीक्षाचा, तिला फोन आला होता. "मॅडम, कमलेशचं काहीतरी दाखवायचंय. संध्याकाळी येते." संध्याकाळी ती आली नाही. राहिली असेल कामात, असं म्हणून हर्षला गप्प बसली होती. आता तिला स्वतःचाच राग येत होता.

समीक्षा चोवीस वर्षांची, कडावची. शिळफाट्याला देवेशच्या ऑफिसात कामाला. हा देवेश फार्महाउसवाल्यांची सोशल मीडियावर जाहिरात करून द्यायचा. फोटो, रील, कॅप्शन सगळं समीक्षा करायची. आठ दिवसांपूर्वी अशाच एका फार्महाउसमागच्या ओढ्यात कमलेश नावाचा पाहुणा वाहून गेला होता. त्या वेळी समीक्षा तिथे चित्रीकरण करत होती. 'मी काही पाहिलं नाही,' असा तिचा जबाब फायलीत होता.

हर्षलाने रील तीनदा पाहिला. पंधरा सेकंदांचा. चिखलणीचं शेत, औत हाकणारा पाठमोरा माणूस. एका बैलाच्या कपाळावर पांढरा चांद, डावं शिंग मोडकं. मागे बांबूची परांची बांधलेलं अर्धवट घर. खाली ओळ होती: 'सोमवारची सकाळ, कडावचं औत. शहरात काय ठेवलंय?'

चार हजार लोकांना तो आवडला होता.

त्या फार्महाउसचा मालक, नवीन नावाचा, आला तो घामाघूम होऊन.

"सोमवारी समीक्षा कुठे होती?"

"मला काय माहीत? रील बघितला, तेवढंच."

"कमलेशला पाण्यात जायला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मी पनवेलला होतो त्या दिवशी. पाण्यात उतरू नका असा बोर्ड लावलाय मी. मॅडम, माझा धंदा बसला. नवा बंगला बांधून कुलूप लावून ठेवलाय. चावी फोटोंसाठी देवेशकडे देऊन ठेवली, पण आता फोटो काढून तरी काय, येणार कोण?"

त्याच्यानंतर देवेश. पांढरा शर्ट, हातात दोन मोबाइल, आवाज लोण्यासारखा.

"रविवारी रात्री आठपासून मी माथेरानला होतो. हॉटेलच्या रजिस्टरवर सही आहे. काल रात्री परतलो."

"समीक्षाशी बोलणं?"

"झालं ना, काल सकाळी सातला. बांधावर उभी होती. मागून औत हाकल्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, बैलांच्या जवळ जाऊन घे. मस्त आलाय रील."

"आणि नंतर?"

"फोन लागला नाही. तरुण पोरगी आहे, मॅडम. गेली असेल कोणाबरोबर."

कॉलची नोंद मिळायला दोन दिवस लागणार होते. समीक्षाकडे दोन दिवस आहेत का, हे कोणाला माहीत? देवेशला जबाब लिहून द्यायला बसवून हर्षलाने शिपाई विकासला जीप काढायला सांगितली. रीलमधला औत हाकणारा सापडला, तर तिला शेवटचं पाहणारा माणूस सापडणार होता.

कडावात आता सगळ्यांकडे पॉवर टिलर. औत उरलं होतं फक्त चांगोकडे. म्हातारा ओट्यावर दोरखंड वळत बसला होता. हर्षलाने मोबाइल पुढे धरला. त्याने तो दोन्ही हातांत घेतला, डोळ्यांपासून लांब नेला आणि बैलाच्या कपाळावरून बोट फिरवलं.

"ह्यो माजा चांद्या," तो म्हणाला. "तुमाला कुठं गावला?"

"बैल कुठे आहे?"

"शिमग्यात मेला."

हर्षलाने रीलखालच्या ओळीवर बोट ठेवलं. "बाबा, हा व्हिडिओ काल सकाळचा आहे असं लिहिलंय."

"काल? काल सोमवार." चांगोने तिच्याकडे पाहिलं ते कीव करावी तसं. "सोमवारी आमच्यात बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाय. महादेवाचा वार, नंदीला सुट्टी. गावातलं बारकं पोर पन सांगंल."

हर्षलाचे वडीलही खालापूरकडे शेती करत. तिच्याही घरी सोमवारी बैल बांधलेले असत. बैल विकले आणि वार विसरला. तीनदा रील पाहूनही काहीतरी चुकतंय एवढीच चुटपुट तिला लागली होती.

"मागचं ते घर कोणाचं?"

"नवीनशेटचा बंगला. ह्यात परांची दिसते, पन चैतात पुरा झाला. हिरवं छप्पर. कुलूपच असतंय."

"तुमच्या मदतीला कोणी नाही?"

"पोरगा हाय. शिळफाट्याला मोबाइलचं कायतरी करतो. सा वर्सं झाली, बांधावर पाय नाय ठेवला."

हर्षला पायरी उतरता उतरता थांबली. मग जवळजवळ पळतच जीपकडे गेली.

हिरव्या छपराचा बंगला शेतापलीकडेच होता. ऊन असूनही आत अंधार वाटत होता. विकासने दार ठोठावलं. काही नाही. हर्षलाला कमलेशचा ओढ्यातून काढलेला हात आठवला, पांढराफटक. आपल्याला उशीर तर झाला नाही? तिने भिंतीला कान लावून पुन्हा थाप मारली.

आतून कसलातरी आवाज आला. अगदी बारीक, भांडं घासल्यासारखा.

कुलूप फोडलं. मागच्या कोठीत समीक्षा होती, हात बांधलेले, तोंडावर ओढणी, शेजारी रिकामी बादली. तिची ओढणी आणि हात सोडले. तिने हर्षलाची बाही धरली आणि ठाण्यात पोचेपर्यंत सोडली नाही.

समीक्षा आणि सुंदराबाई बाकावर बसल्या. जबाबासाठी आणलेला चांगो दाराबाहेर टेकला. देवेश अजून आतच होता. समीक्षाला पाहून त्याच्या हातातला मोबाइल खाली पडला.

"मी माथेरानला होतो," तो म्हणाला.

"होतास. ते खरं आहे," हर्षला म्हणाली. "रील टाकायला जागेवर असावं लागत नाही. वेळ लावून ठेवली की आपोआप जातो. रविवारी दुपारी तू तिला बंगल्यावर बोलावलंस. कशासाठी?"

उत्तर समीक्षाने दिलं. "कमलेशचा पूर्ण व्हिडिओ माझ्याकडे आहे, मॅडम. हा ओरडत होता, अजून दोन पावलं मागे जा, धबधबा फ्रेममध्ये येत नाही. मी भिऊन खोटं लिहून दिलं होतं. मग झोपच लागेना. त्याला म्हटलं, मी पोलिसांना दाखवणार."

"म्हणून तुला कोंडलं," हर्षला तिला म्हणाली. "व्हिडिओ कुठे ठेवलाय ते हवं होतं. आणि तू स्वतःहून गेलीस असं लोकांना वाटायला हवं होतं, तेही हा माथेरानला असताना. म्हणून सोमवार सकाळचा रील."

"सोमवार लिही असं तोच बोलला. व्हिडिओ मी निवडला."

"तुझ्याकडे शेकडो व्हिडिओ असतील," हर्षला म्हणाली. "त्यातून मेलेला बैल आणि सोमवारचं औत निवडलंस, तेव्हाच कळलं की हा निरोप आहे. वार खोटा, बैल मेलेला, मग त्या रीलमध्ये खरं उरलं ते मागचं घर. त्या घराची चावी नवीनकडे आणि देवेशकडे. नवीन म्हणाला, नुसता रील पाहिला. देवेशला मात्र फोनवर औताचा आवाज आला होता. सोमवारी, त्याच्याच गावात."

देवेशची नजर दाराबाहेर बसलेल्या म्हाताऱ्याकडे गेली.

"काल रात्री येऊन कमेंटी वाचून दाखवत होता मला," समीक्षा म्हणाली. "बघ, सगळ्यांना आवडला, कोणी तुला शोधत नाय. मला भीती एकाच गोष्टीची होती. हा चांद्याला ओळखंल म्हणून. त्यानं ओळखलं असतं, तर मी संपले असते."

चांगो केव्हा आत आला ते कोणाला कळलं नाही. तो देवेशसमोर, आपल्या मुलासमोर, उभा राहिला. मारेल असं वाटून विकास पुढे सरकला, पण म्हाताऱ्याचा हात उठला नाही.

"ह्यो बारा वर्सांचा व्हता तवा वासरू आणलं, मॅडम," तो म्हणाला. "चांद्या नाव ह्यानंच ठेवलं."