हिरव्या बेडकाचं निळं नाव

निळा बेडूक गेला कुठे? तो शोधायला कोळंबवाडीच्या सड्यावर (जांभ्या दगडाच्या पठारावर) तीन पथकं येऊन गेली. उडत्या कॅमेऱ्यांनी दगड न् दगड पाहिला. निळं काही हललं नाही. मग बेडूक नामशेष ठरला आणि खाणीच्या यंत्रमानवांनी पश्चिमेकडचा अर्धा सडा खरवडून नेला. उरलेल्या अर्ध्यावर ते सोमवारी येणार होते.

विभाला निळ्या बेडकाचं सुतक नव्हतं. तिला हिरवा सापडला होता. ही नवी जात, अशी बढाई शाळाभर मारून झाली होती. नावही ठरलं होतं : ‘क्लोरस’, म्हणजे ग्रीकमधला हिरवट.

तिच्या जीवशास्त्रज्ञ नलूआत्याने बेडकाच्या पाठीवरून कापूस फिरवला आणि जनुकवाचकात (आनुवंशिक खुणा वाचणाऱ्या यंत्रात) घातला. यंत्र म्हणालं, “सायनियस.”

“म्हणजे?”

“गडद निळा. शब्द ग्रीकांचा, रोमनांनी उसना घेऊन लॅटिन शेपूट लावलं. संग्रहालयातल्या बाटलीतला तो निळा बेडूक आणि तुझा, एकच जात.”

“आत्या, चष्मा पूस. हा हिरवा आहे.”

“जिवंतपणी. याच्या कातडीत खालच्या पेशी निळा उजेड परतवतात, वर पिवळ्या रंगद्रव्याचा थर. दोन्ही मिळून हिरवं दिसतं. अल्कोहोलमध्ये पिवळं विरघळतं, निळं उरतं. नाव ठेवणाऱ्या साहेबाने सडा पाहिलाच नव्हता, बाटली पाहिली.”

“मग बदला की नाव.”

“आधी छापलेलं नाव टिकतं. नाहीतर दरवर्षी एकेक शहाणा नवं बारसं करील.”

“म्हणजे मूर्खपणालाही सेवाज्येष्ठता?”

“ती सगळीकडेच असते गं. इथे निदान नियमात लिहिलीय.”

विभाचं तोंड कडू झालं. तिन्ही पथकांतले विद्वान हेच बेडूक ओलांडून गेले होते. रंग नावाशी जुळेना, म्हणून साधा बेडूक समजून.

“यंत्राचं उत्तर आपण कुणाला सांगितलंच नाही तर?” तिने हळूच विचारलं.

“तर तू शाळेत मिरवशील. नव्या जातीला नाव मिळायला दोन वर्षं जातात, आणि बिननावाच्या जिवाला कायदा ओळखत नाही. सायनियस जिवंत आहे म्हटलं, की खाण आजच थांबते.”

विभाच्या डोळ्यांसमोर वर्गातला शंतनू आला, दात काढून हसणारा. तिने वनाधिकाऱ्यांना फोन लावला.

“सायनियस सापडलाय. हो साहेब, हिरवाच आहे. निळा हवा असेल तर मारावा लागेल.”

सोमवारी यंत्रमानव आले नाहीत. खरवडलेली बाजू तशीच लाल, मुकी पडून राहिली. ती काही परत येणार नव्हती. अलीकडच्या डबक्यात मात्र अंडी होती. हिरव्याला निळा का म्हणतात, हे पुढच्या पोरांना विचारता येईल, आणि समोर बेडूक असेल.