पाण्याची नळी

उस्मानपुऱ्यातल्या त्या खाजगी लॅबमध्ये आल्या आल्या अंबिका आधी डीप फ्रीझर उघडून बघायची. वरच्या कप्प्यात न्यूक्लिओटाइडची कुपी असायची. डीएनएची नवी साखळी रचायला लागणाऱ्या चारही जातींच्या विटा त्या एवढ्याशा कुपीत. बाहेर राहिल्या की नासतात, हे ती नव्या मुलींना बजावून सांगायची.

आणि चैत्रात ती स्वतःच कुपी दिवसभर टेबलावर विसरली. घरी तान्ह्या लेकीला, मैनाला, ताप होता, सांभाळणाऱ्या वच्छलाबाईंचा तासातासाला फोन. त्या दिवशी तपासणी होती शेंद्र्याच्या साळूबाईच्या तान्ह्या पोराची. बाप कोण, एवढाच प्रश्न. नासक्या विटांनी पोराचा आलेख अर्धामुर्धाच उमटला. तपासणी पुन्हा करायला हवी होती. पण घरी पोर तापलेली, बाहेर साळूबाईच्या सासरची माणसं घड्याळ बघत बसलेली. अंबिकानं लिहून टाकलं : जुळत नाही.

साळूबाई रडली नाही. काउंटरला टेकून म्हणाली, "बाई, त्येचंच हाय ओ लेकरू. पुन्यांदा बघा की."

"अहो, मशीन खोटं बोलत नाही."

"व्हय का? मग कुठनं आलं हे? पाण्यातनं?"

सासरी तिला कुणी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. वैशाखात, पत्र्याच्या भाड्याच्या खोलीत, ते लेकरू गेलं. अंबिकाला कळलं तेव्हा तिनं ती फाइल गठ्ठ्यात सगळ्यात खाली सरकवली.

दर तपासणीत एक नळी नुसत्या पाण्याची लावतात. तिच्यात कुणाचाच डीएनए नसतो, म्हणून तिची रेषा सपाट यायला हवी. जूनमध्ये एका सोमवारी त्या रेषेवर शिखरं उभी राहिली.

"मॅडम, हात धुता ना?" लॅबचे मालक सदाशिव सर हसले.

तिनं टेबल पुसलं, हातमोजे बदलले, पाण्याची नवी बाटली फोडली. मंगळवारी तीच शिखरं. बुधवारी आणखी ठळक. गुरुवारी तिनं गठ्ठ्याखालची फाइल काढली. चैत्रातला अर्धा आलेख या आलेखावर तंतोतंत बसला. राहिलेला अर्धाही इथं पुरा उमटला होता. फाइलमधल्या बापाच्या आलेखाशी तो प्रत्येक जागी जुळत होता.

त्याच आठवड्यात मैनाचं वजन अर्धा किलो उतरलं. "पिती तर पोटभर," वच्छलाबाई म्हणाल्या, "अंगीच लागंना."

शुक्रवारी अंबिकानं पाण्याच्या नळीत विटा घातल्याच नाहीत. विटांवाचून साखळी होतच नाही. कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवतात.

दुपारी आलेख आला. शिखरं कधी नव्हती एवढी उंच. मग विटा आल्या कुठून?

ती बाहेर आली. बाकावर साळूबाई बसली होती. मांडीवर रिकामं दुपटं, नीट घडी घातलेलं.

"मी रिपोर्ट बदलून देते," अंबिका म्हणाली. "आत्ता. सही-शिक्क्यानं. चूक माझीच होती."

"ऱ्हाऊ द्या आता." साळूबाईनं दुपट्याची घडी मोडली, मांडीवर पसरलं. "भरलं का अंग त्याचं?"

आत फोन वाजला. वच्छलाबाई.

"बाई, लवकर या."

"मैना कुठंय?"

"पाळण्यातच हाय की. माझ्याकडंच बघती." त्यांचा आवाज बारीक झाला. "पण झोका दिला ना, बाई... पाळणा रिकामा असल्यावानी हलतोय."